मी सांगेपर्यंत

"सिग्नल फुल्ल!" कॅप्टन रेगे म्हणाले, आणि साटमदादाचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, ह्याला आता भोवळ येणार.

अरे, फुल्ल सिग्नल म्हणजे आनंदाचीच गोष्ट ना? आम्ही बाकीचे खूशच होतो. पडद्यावरच्या सगळ्या काड्या हिरव्यागार. मुंबईहून डॉक्टर फणसे मॅडमचा आवाज इतका स्वच्छ, की त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा आम्हाला ऐकू आली. आणि इकडे ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीत, जमिनीवर दोन गाद्या टाकून आम्ही हसनचाचाला झोपवलेलं. ओठ जांभळे. श्वास घेतोय की उचक्या देतोय तेच कळत नव्हतं.

थांबा, असं नाही कळायचं तुम्हाला. जरा मागे जाते. आणि मधे बोलू नका हं कुणी, नाहीतर माझा धागा तुटतो.

मी तेव्हा कॅडेट होते. कॅडेट म्हणजे बोटीवरचा शिकाऊ ऑफिसर, सगळ्यांनी हाका मारायच्या आणि ह्यानं पळायचं. पवनचक्क्यांची पाती पोचवून आम्ही परत येत होतो, रशियाच्या डोक्यावरून, पार वरच्या समुद्रातून. त्या वर्षी बर्फानं लवकर धरलं आणि आम्ही अडकलो. अडकलो म्हणजे खरोखरचे अडकलो. चारी बाजूंना पांढरं, टणक, आणि बोट जमिनीत पुरल्यासारखी. हलेना की डुलेना. बर्फ फोडणारं जहाज येणार होतं, पण ते आधी दुसऱ्याच कुणाला सोडवायला गेलेलं. बर्फ बाजूनं दाबायचा आणि बोटीचा पत्रा दिवसभर कण्हायचा. अगदी माणसासारखा. जेवताना तो आवाज आला की सगळ्यांचे घास हातातच राहायचे. मग चाचा मुदपाकखान्यातून कालथा आपटत ओरडायचा, "जेवा रे! बोटीच्या पोटात दुखतंय, तुमच्या नाय!"

हा हसन मुकादम, दाभोळचा. आमचा भंडारी. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. मला 'कॅडेटबाय' म्हणायचा आणि माझ्या भाकरीला 'घाटावरचा नकाशा' म्हणायचा. दुसरा साटमदादा, कणकवलीचा. बोटीवरचं विजेचं, तारांचं, फोनचं सगळं त्याच्याकडे. अशा ऑफिसरला आमच्यात बत्तीसाब म्हणतात. मी फलटणची, म्हणून त्याच्या लेखी मी 'घाटीण'. आणि तिसरे कॅप्टन रेगे. आवाज कधी चढवायचे नाहीत. पण बोटीवर पाऊल ठेवल्या दिवशी मला समोर उभं करून म्हणाले होते, "निकम, दोनच गोष्टी लक्षात ठेव. बोटीवर जे हलतं ते बांधायचं. आणि शेवटचा हुकूम, पुढचा हुकूम येईपर्यंत कायम. एवढं पाळलंस तर म्हातारी होऊन मरशील."

आता उपग्रहाचं. हे नीट ऐका, सगळं ह्याच्यावरच आहे.

नेहमीचे फोनचे, टीव्हीचे उपग्रह असतात ना, ते पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यावर असतात. आम्ही इतके वर गेलेलो की तिथून ते क्षितिजाच्याही खाली. दुसरा एक सॅटेलाइट फोन होता, पण त्याचा अँटेना बर्फानं मोडून नेला होता, मस्तुलाच्या, म्हणजे डोलकाठीच्या, तुकड्यासकट. साधा रेडिओ लावावा तर नुसती खरखर, कारण आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे नाचत होते. दिसायला सुंदर, पण रेडिओचा गळा दाबतात. उरलं एकच. ब्रिजच्या छपरावर स्टँडवर बसवलेली एक छोटी थाळी, कंपनीनं चाचणीसाठी दिलेली. ती एका वेगळ्याच उपग्रहाशी बोलायची.

मी साटमदादाला विचारलं होतं, "वेगळा म्हणजे कसा?"

"घाटीण, आंबो पाडूक दगड मारलंस कधी?"

"मारलाय की."

"वर जाताना दगड कसो जाता? हळू, हळू, हळू. शेंड्याकडे क्षणभर थांबल्यासारखोच वाटता. आणि खाली येताना?"

"डोक्यात पडतो."

"बरोबर. तसोच हो."

म्हणजे कसं, की बाकीच्या उपग्रहांचा फेरा गोल असतो, ह्याचा लांबोडका. काकडीसारखा. आणि पृथ्वी काकडीच्या एका टोकाशी. दुसरं टोक आमच्या डोक्यावर, उत्तरेला, लांबच लांब. तिथे वर गेला की हा रेंगाळतो. तासन्‌तास एकाच जागी टांगल्यासारखा. मग पडायला लागतो. दक्षिणेकडून पृथ्वीला अगदी अंग घासून भर्रकन वळसा घालतो आणि पुन्हा वर चढायला लागतो. मुद्दामच असे सोडतात, ज्या मुलखातून बाकीचे उपग्रह दिसत नाहीत त्यांच्यासाठी. फोन, हवामान, बर्फाचे फोटो, सगळं वरून. खरं तर असे दोन-तीन ठेवायचे असतात, एक उतरला की दुसरा वर आलेला. पण आमच्या चाचणीत एकच होता. तो गेला की आम्ही बराच वेळ मुके आणि बहिरे.

चाचानं त्याचं नाव 'पाव्हणा' ठेवलं होतं. "बसला की उठत नाय, आणि उठला की चहालाही थांबत नाय. बसलाय तवर बोलून घ्या रे!" मग सगळे रांग लावून घरी बोलायचे.

तर त्या थाळीला फिरवायला एक मोटर होती. वाऱ्यानं थाळी इतकी हलायची की मोटरचे दात झिजले आणि ती बंदच पडली. कॅप्टन म्हणाले, "बांधून टाका."

साटमदादा म्हणाला, "सर, ती बांधायची वस्तू नाही. पाव्हणा हलतो."

"मी रोज बघतोय, साटम. सिग्नल तसाच्या तसा असतो."

"वर असेपर्यंत, सर."

"मग उतरायच्या आधी सोडू."

झालं. दोरीचे वेढे, वर गाठ. जे हलतं ते बांधलं. आणि खरंच सांगते, काही बिघडलं नाही. मग गोठणारं धुकं आलं. ते लागेल त्याच्यावर बर्फाचा थर चढवतं. रेलिंग मांडीएवढं जाड झालं. त्या दोरीचं आणि थाळीच्या सांध्याचं काय झालं असेल ते कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि त्याच सकाळी चाचा शीतकोठीच्या शिडीवरून पडला. गोठलेला बोकड खांद्यावर होता, तो वरून छातीवर. आम्ही धावलो तर हसतोय. "मेल्यावर पण सूड घेतला बघा हरामखोरानं!" बरगडी मोडली असणार, म्हटलं, पट्टा बांधू. पण दुपारी तो हसायचा थांबला. मग बोलायचा थांबला. मग त्याला ब्रिजवर आणलं, कारण त्या फोनची वायर तेवढीच पोचायची, आणि कंपनीच्या डॉक्टरला, फणसे मॅडमना लावला.

आणि तेवढ्यात सिग्नल फुल्ल झाला.

"सर," साटमदादा हळूच म्हणाला, "फुल्ल म्हणजे तो जवळ आलाय."

"मग बरंच आहे की."

"सर, जवळ आलाय म्हणजे पडायला लागलाय."

कॅप्टननी त्याच्याकडे बघितलं. मग छताकडे. साटमदादानं चाचाच्या कमरेचाच सुरा काढला, उकळत्या पाण्याची किटली उचलली, वॉकी-टॉकी गळ्यात अडकवली आणि बाहेर पळाला. दार उघडलं तेव्हा जी थंडी आत आली ना, ती मी अजून दातात धरून आहे.

"मुक्ता, बाळा, घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "स्टेथोस्कोप डाव्या बाजूला लाव. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही, मॅडम."

"नीट ऐक."

"काहीच नाही. भिंतीला लावल्यासारखं."

"मानेच्या शिरा?"

"फुगल्यात. दोरीएवढ्या."

मॅडम म्हणाल्या, "फुप्फुसाला भोक पडलंय. हवा छातीत गळतेय आणि तिला बाहेर यायला वाट नाही. ती आधी फुप्फुस दाबते, मग हृदय. पेटीतली सगळ्यात जाड सुई घे. गळ्याच्या हाडाखाली चाचप, दुसरी बरगडी आणि तिसरी बरगडी. मधल्या फटीत बोट ठेव. ठेवलंस?"

"हो."

"आता घालू नकोस! आधी उजवी बाजू ऐकून मला सांग. तिथेही असंच असेल तर प्रकार वेगळा आहे, आणि तू असलेलं फुप्फुसही घालवशील. मी सांगेपर्यंत सुई घालायची नाही. कळलं?"

"कळलं."

मी उजवीकडे ऐकलं. भात्यासारखा आवाज येत होता. चिरका, पण होता. मी मान वर करून जोरात म्हणाले, "मॅडम, उजवीकडे आहे! श्वास आहे!"

काही नाही.

पडद्यावर बघितलं. काड्या एकेक करून कमी होतात ना, तसंसुद्धा नाही. सगळ्या एकदम गेलेल्या. पाव्हणा थाळीच्या नजरेतून सरळ खाली घसरला होता.

"सर, मी घालते."

"थांब."

"सर, डावीकडे नाही, उजवीकडे आहे. त्यांना तेच विचारायचं होतं."

"त्यांना काय विचारायचं होतं ते तुला माहीत नाही. त्यांनी काय सांगितलं ते माहीत आहे. थांब सांगितलं."

"पण त्यांना बोलता येत नाहीये!"

"म्हणूनच." आवाज तसाच, न चढलेला. "शेवटचा हुकूम थांबायचा आहे, निकम. तू डॉक्टर नाहीस. मीही नाही. चुकलो तर आपणच मारलं म्हणायचं."

माणूस वाईट होता असं म्हणत नाहीये हं मी. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि ब्रिजवर आमची वाफ दिसत होती इतकी थंडी. पण तुम्ही तिथे असता ना! चाचानं माझी बाही धरलेली. बोलता येत नव्हतं, नुसता बघत होता. आणि त्याची श्वासनळी, इथे गळ्यात मधोमध असते ना, ती एका बाजूला सरकायला लागलेली. मला डोळ्यांनी दिसत होती. खालून पत्रा कण्हला. कालथा आपटणारा तर इथे पडलेला.

वॉकी खरखरली. "सर, दोरी तोडली. सांधो गोठलाय. पाणी ओततोय तर ओततानाच बर्फ होतोय."

"तो अजून वर आहे?"

"आहे. क्षितिजापर्यंत पोचेस्तोवर आहे. कुठून जाणार ते माका ठाऊक आहे. पण हातमोजे घालून सांध्याची खाच हाताला लागत नाय. काढू?"

कॅप्टननी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिकडे उघड्या लोखंडाला उघडा हात म्हणजे काय, ते कॅडेटलासुद्धा पहिल्या दिवशी शिकवतात.

"सर? काढू?"

"काढ."

मग वर छपरावर कर्रकन आवाज झाला. पुन्हा. आमच्या बरोब्बर डोक्यावर. कर्र. कर्र. पडद्यावर एक काडी आली, गेली, परत आली.

"—घाल! मुक्ता, घाल! ऐकू येतंय का तुला? तुझं ऐकलं मी, केव्हाची ओरडतेय, घाल!"

"साटम, तिथेच!" कॅप्टन वॉकीत म्हणाले. "सापडलाय! तो सरकेल तशी सरकवत राहा. मी सांगेपर्यंत सोडायची नाही!"

"होय, सर."

मी घातली. कातडी केवढी चिवट असते, माहितीये? जोर लावावा लागतो. आणि मग फुस्स! अशी हवा बाहेर आली, गरम, माझ्या मनगटावर. बराच वेळ येत राहिली. चाचाची छाती खाली बसली, मग वर आली. दोन्ही बाजू. त्यानं एक लांब श्वास घेतला, असा की आम्हा तिघांतर्फे त्यानं एकट्यानं घेतला. ओठांचा रंग बदलला. डोळे उघडून पुटपुटला, "पंक्चर काढलंस गो, कॅडेटबाय?"

मी हसले, रडले, नाक पुसलं. मॅडम घाईघाईनं सांगत होत्या, सुई काढून तिच्यावरची नळी आत कशी ठेवायची, हातमोज्याचं बोट कापून नळीच्या तोंडावर कसं बांधायचं, म्हणजे हवा बाहेर येईल पण आत जाणार नाही. ते संपता संपता त्यांचा आवाज तुटायला लागला, आणि गेला. पाव्हणा बर्फाखाली उतरला होता. ह्या वेळी आम्हाला काही वाटलं नाही. आम्हाला पाहिजे ते मिळालं होतं.

कॅप्टन वॉकीत म्हणाले, "साटम, शाबास. गेला तो. सोड आता, खाली ये."

खर्र.

"साटम, सोड म्हणतोय. खाली ये."

पुन्हा खर्र. "येत असेल," कॅप्टन म्हणाले आणि चाचापाशी गुडघ्यावर बसले. पहिल्यांदाच बसलेले पाहिले मी त्यांना असे. त्याचा हात हातात घेतला त्यांनी. मी पट्ट्या चिकटवत होते. एकीकडून सुटायची, मग दुसरीकडून. कुणीतरी चहा आणून ठेवला.

काय? हो रे, चाचा ठणठणीत आहे. दर ईदला फोन करतो, भाकरीची चौकशी करतो. मी चाचाची गोष्ट सांगतच नाहीये तुम्हाला.

मी शेवटची पट्टी लावली आणि सगळं शांत झालं. तेव्हा मला ऐकू आलं.

कर्र.

डोक्यावर. मी वर बघितलं. कॅप्टननीही बघितलं.

कर्र. कर्र, कर्र.

"सर, ते..."

"सांगितलं मी त्याला," कॅप्टन म्हणाले. हातातल्या वॉकीकडे बघितलं आणि एकदम ओरडले. त्यांना ओरडताना मी तेवढंच ऐकलं. "साटम! सोड!"

कर्र-कर्र-कर्र. आता भरभर.

मी कोट न घालता बाहेर पळाले. शिडी म्हणजे बर्फाचा ओघळ नुसता. वर पोचले. सूर्य होता, फिकट, क्षितिजाला चिकटलेला, आणि सगळीकडे तो पांढरा मुलूख. साटमदादा थाळीला मिठी मारून उभा होता. माझ्याकडे पाठ. वॉकी गळ्यात लोंबत होती आणि तिचा दिवा विझलेला. थंडीनं बॅटरी मेलेली, कधीची कोण जाणे. कॅप्टननी किती वेळा 'सोड' म्हटलं असेल, त्यातलं एकही वर पोचलं नव्हतं.

थाळी आकाशाकडे नव्हती. तोंड खाली केलेलं, सरळ खाली, छपराच्या पत्र्याकडे. आणि तो ती फिरवत होता. सगळ्या अंगानं. थांबत नव्हता.

"दादा!"

"आलंस?" त्यानं मान वळवली नाही. शब्द जड, दारू प्यायल्यासारखे. "आता खाली पोचलोय बघ तो. तळाक. आता लय भरभर पळता... माझ्याच्यान धरवत नाय."

"दादा, तो गेला. कधीच गेला. चाचा वाचला."

"खय गेलो? हो बघ. आपल्या खाली." कर्र. "जाताहा... जाताहा..."

"सोड, दादा."

"सरांनी सांगितल्यानी?"

"हो. केव्हाच सांगितलं. सोड."

तेव्हा तो थांबला. वर्गात मुलं पाटी खाली ठेवतात ना बाईंनी सांगितल्यावर, तसे त्याचे खांदे खाली आले. मी वाट बघत उभी राहिले. तो पण स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. पांढरे होते, मेणासारखे, लोखंडाभोवती वळलेले.

मग माझ्याकडे वळला. अगदी साध्या आवाजात म्हणाला, जसं काही मुदपाकखान्यातला डबा उघडून मागतोय.

"घाटीण, माका उघडत नाय गो. तूच सोडव."